आरोग्याच्या कारभारात लोकांचा वाटा : विरार परिसराच्या निमित्ताने एक आढावा

विरार स्थानकाच्या पश्चिमेस बोळिंज, आगाशी, अर्नाळा या दिशेने वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी अशा पिढ्यान्‌पिढ्या एका जागी नांदणाऱ्या समाजांची गावठाणे आणि त्यांच्या केळी-नारळाच्या वाड्या पसरल्या आहेत. पूर्वेस जीवदानीचा डोंगर असून त्याच्या आसपास मनवेलपाडा, फुलपाडा, कारगिल नगर अशा दाट वस्त्या आहेत, जेथील हजारो माणसे उजाडण्यापूर्वी मुंबईची गाडी पकडतात आणि रात्री उशिरा घरी परततात. त्याही पलीकडे, महामार्ग ओलांडल्यावर, खानिवडे, शिरसाड, भाताणे, मांडवी या बाजूस वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे लागतात, आणि तानसा-वैतरणेच्या खोऱ्यातील वीटभट्ट्यांवर दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे आपला संसार डोक्यावर घेऊन उतरतात. एकाच तालुक्याच्या हद्दीत वसलेल्या या तीन समाजांत आयुर्मानाचे, आजारपणाचे आणि उपचाराच्या संधीचे जे अंतर आहे, ते कमी करण्याच्या कामी शासन, स्वयंसेवी संस्था आणि प्रत्यक्ष ती वस्ती यांची भागीदारी कितपत उपयोगी पडली आहे, आणि ज्या ठिकाणी ती उपयोगी पडली नाही तेथे का पडली नाही, याचा धांडोळा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

वसई-विरार महानगरपालिका येथे ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या अनेक ग्रामपंचायती तिच्यात विलीन करण्यात आल्या. २०११ च्या जनगणनेत या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर भरली, आणि त्यापुढची दशवार्षिक मोजणी ठरल्या वेळी न झाल्यामुळे पुढील सारे नियोजन त्या जुन्या आकड्यावर किंवा त्यावरून बांधलेल्या अंदाजावर चालत राहिले. नागरी आरोग्यकेंद्र दर ५० हजार लोकसंख्येस एक, अशी सरकारी मोजपट्टी असताना मुळात माणसेच दप्तरात कमी असतील, तर दवाखानेही तितकेच कमी मंजूर व्हावेत यात नवल नाही. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. त्याच्या आठ तालुक्यांत एका टोकास दाट वस्तीचा वसई तालुका आणि दुसऱ्या टोकास जव्हार व मोखाडा आहेत. त्यांपैकी जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने जे बालमृत्यू झाले, त्यांमुळे अवघ्या महाराष्ट्राची मान खाली गेली होती. ज्यांची मुले तेथे दगावली, त्याच समाजातील माणसे त्यापूर्वी आणि त्यानंतरही दरसाल वसईच्या भट्ट्यांवर विटा थापण्यासाठी येत राहिली आहेत. म्हणून वसई-विरारचा आरोग्यप्रश्न आणि जव्हार-मोखाड्याचा आरोग्यप्रश्न असे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

लोकसहभाग हा शब्द सरकारी परिपत्रकांतून इतका वापरला गेला आहे की, त्याखाली नेमके काय मोडते हे ठरविल्यावाचून पुढे जाता येत नाही. लसीकरणाच्या दिवशी दवंडी पिटणे, शिबिरासाठी मंडप घालून देणे, श्रमदानाने गटार उपसणे, ही कामे लोकांनी अवश्य करावीत. परंतु एवढ्यावरून त्यांना आरोग्याच्या कारभारात वाटा मिळाला असे म्हणता येणार नाही. माझ्या मते त्या वाट्याच्या खुणा तीन आहेत. आपल्या वस्तीत कोण आजारी आहे, कोण दगावले आणि कशाने, याची माहिती वस्तीच्या हाती असणे, ही पहिली. वस्तीच्या नावे आलेल्या पैशाचा विनियोग ठरविण्याचा अधिकार असणे, ही दुसरी. आणि दवाखान्यात औषध का नाही, डॉक्टर का नाही, असा जाब विचारला असता उत्तर मिळण्याची हमी असणे, ही तिसरी. आजवरचे प्रयोग या तीन खुणांवर पारखून पाहिले असता त्यांच्या यशापयशाची कारणे बरीचशी उलगडतात.

लोकांना वगळून आरोग्याचे काम केले म्हणजे काय होते, याचा धडा महाराष्ट्राने १८९७ च्या प्लेगमध्ये घेतला. साथीच्या रोगांचा कायदा त्याच वर्षीचा. पुण्यात गोऱ्या शिपायांकडून झालेल्या घरझडत्या, सक्तीने हलविलेले रुग्ण आणि त्यातून उसळलेला संताप यांचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावरील गोळीबारात झाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच साथीत पुण्याजवळच आपले डॉक्टर चिरंजीव यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, शहर एकच. परंतु एका हाताला लोकांनी घराची कवाडे लावून घेतली आणि दुसऱ्या हाती आपले आजारी माणूस विश्वासाने सोपविले. सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्याही योजनेची पहिली कसोटी आजही तीच आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने जो अहवाल दिला त्यात प्राथमिक आरोग्यकेंद्रांच्या जोडीने गावोगाव आरोग्यसमित्या असाव्यात अशी शिफारस होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाला आणि तिच्या गटांतूनच पहिली प्राथमिक आरोग्यकेंद्रे उभी राहू लागली. इमारती झाल्या, पदे मंजूर झाली, औषधांची मागणीपत्रके जाऊ लागली. समित्यांचा भाग मात्र कित्येक दशके कागदावरच राहिला, कारण तो कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात मोडत नव्हता.

याच काळात, कोणाच्याही हुकुमावाचून, आजच्या पालघर जिल्ह्यातील एका टेकडीवर असे काम उभे राहात होते, ज्याची छाप पुढे साऱ्या देशावर पडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत नेले. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणावर गेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा ही नावे त्या अनुभवातून जन्मास आली. शिक्षणाच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचे स्थान मिळाले, ते योग्यच आहे. परंतु आरोग्याच्या इतिहासात त्याची दखल व्हावी तितकी झालेली नाही. मुलाला न्हाऊ घालणे, त्याची नखे काढणे, केस विंचरणे, खरूज धुऊन औषध लावणे आणि मगच त्याच्यापुढे खेळणे ठेवणे, हा त्या अंगणातील दिनक्रम होता. तो मुलाच्या आईच्या डोळ्यांदेखत, तिच्याच दारात चालत असल्यामुळे तीही हळूहळू त्यात हात घालू लागे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्राला आज देशभर अंगणवाडी म्हणतात. नाव सर्वत्र गेले. परंतु कोसबाडमध्ये जे अंगण खरोखरीच त्या घराचे होते, ते पुढे अनेक ठिकाणी भाड्याच्या खोलीत आले आणि आईचा हात त्या कामातून सुटला, ही हानी झालीच.

जामखेडच्या प्रयोगाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, तरी त्यातील एक तपशील येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तेथे आले, तेव्हा दुष्काळी भागातील लोकांनी त्यांच्याकडे प्रथम औषध मागितले नाही, पाणी आणि अन्न मागितले. मग विंधणविहिरी घेण्याचे काम हाती घेण्यात आले आणि त्यांपैकी अनेक हातपंप दलित वस्तीत बसविण्यात आले, जेणेकरून सवर्णांनाही पाण्यासाठी त्या वस्तीत यावे लागले. जातिभेदाविरुद्ध एकही व्याख्यान न देता पाणवठ्याची जागा बदलल्याने गावाच्या व्यवहारात जो फरक पडला, त्यानेच पुढे दलित आणि निरक्षर स्त्रियांना गावाच्या आरोग्यसेविका म्हणून मान्यता मिळण्याची वाट मोकळी केली. १९७१ च्या सुमारास तेथे हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. काही दशकांत तो आकडा ३० च्या खाली आला. १९७८ साली आल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा केला, त्यात लोकसहभागाचे जे तत्त्व मांडले आहे, ते जामखेडच्या पाणवठ्यावर तोवर वर्षानुवर्षे आचरणात होते.

गडचिरोलीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून जे काम केले, त्याचे महत्त्व वेगळ्या अंगाने आहे. त्यांनी गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. मण्यांच्या साह्याने श्वास मोजण्याची सोपी युक्ती त्यांच्या हाती दिली, नवजात बालकाचा जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करण्याचे शिक्षण दिले, आणि प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू नोंदविण्याची शिस्त लावली. ३९ गावांतील या कामाचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. २०११ साली ही पद्धत राष्ट्रीय धोरणात आली. परंतु मला त्याहूनही मोलाचा वाटतो तो २००१ चा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल. राज्यातील अनेक संस्थांनी आपापल्या गावांतील बालमृत्यू स्वतः मोजले, तेव्हा सरकारी दप्तरात दाखल झालेले मृत्यू प्रत्यक्षाच्या मानाने फारच थोडे असल्याचे उघड झाले. जे मूल दगावल्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी कोणती उपाययोजना होणार? आरोग्यसमतेचा पहिला प्रश्न औषधाचा नसून गणतीचा आहे, ही गोष्ट त्या अहवालाने पुराव्यानिशी दाखविली.

यशाच्या कथा सांगताना मांडव्याची हकीगत गाळून चालणार नाही. डॉ. नोशीर अंटिया यांनी अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात १९७० च्या दशकात गावातीलच स्त्रियांच्या हाती आरोग्याचे काम सोपविले. थोड्या शिक्षणाच्या त्या बायांनी क्षय, कुष्ठ, कुटुंबनियोजन या कामांत सरकारी यंत्रणेला न साधलेले यश मिळविले. परंतु लोकांच्या हाती माहिती आणि आत्मविश्वास आल्याने ज्यांच्या वर्चस्वाला धक्का लागत होता, अशा स्थानिक सत्ताधाऱ्यांचा विरोध वाढत गेला आणि प्रकल्प आवरता घ्यावा लागला. वैद्यकीय दृष्ट्या निर्दोष असा प्रयोग राजकीय पाठबळाअभावी कोसळू शकतो, हे मांडव्याने शिकविले. आरोग्याची भागीदारी ही सत्तेची वाटणी आहे, आणि कोणतीही वाटणी भांडणावाचून होत नाही, हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

शासनाने या अनुभवांतून काय उचलले? १९७७ साली गावोगाव जनस्वास्थ्यरक्षक नेमण्याची योजना निघाली, परंतु निवड गावातील वजनदार माणसांच्या हाती राहिल्याने ती लवकरच निस्तेज झाली. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याने आशा नावाची कार्यकर्ती गावात आणली, ग्राम आरोग्य समिती स्थापिली, तिच्या हाती वर्षाला १० हजार रुपयांचा निर्बंधमुक्त निधी दिला, आणि लोकांकडून सेवेची तपासणी करून घेण्याची तरतूदही केली. महाराष्ट्रात हे लोकाधारित देखरेखीचे काम २००७ साली पाच जिल्ह्यांत सुरू झाले: पुणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद आणि ठाणे. आजचा पालघर त्या वेळी ठाण्यातच होता. पुण्याच्या साथी या संस्थेकडे राज्यपातळीवरील समन्वय होता. गावकरी आपल्या उपकेंद्राला, आरोग्यकेंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल असा रंग देत आणि तो फलक जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवीत. परिचारिका गावात येते काय, साप चावल्यावरची लस आहे काय, बाळंतपणासाठी पैसे मागितले जातात काय, असे प्रश्न चारचौघांत विचारले गेले आणि उत्तर देणाऱ्याला उठून उभे राहावे लागले. वर सांगितलेल्या तीन खुणांपैकी तिसरी खूण शासनाच्या स्वतःच्या योजनेत प्रथमच उमटली, ती येथे. मात्र अशा कामाचा निधी दरसाल मंजुरीच्या मेहेरबानीवर अवलंबून राहिला. जाब विचारणाऱ्याचा खर्च जाब देणाऱ्याने करावयाचा, ही मूळचीच अवघड रचना होय.

हे सारे ग्रामीण झाले. शहरात काय घडते, याविषयी एक अभ्यास प्रांजळपणे समोर ठेवला पाहिजे. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी भागांत एकजूट या संस्थेने स्त्रियांचे गट बांधून, त्यांच्याशी महिन्यागणिक बैठकांतून बाळंतपण आणि नवजात बालकांच्या प्रश्नांची चर्चा केली, तेव्हा नवजात मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. तत्पूर्वी नेपाळातही तसाच अनुभव आला होता. परंतु डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या स्नेहा या संस्थेने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तोच मार्ग चोखाळला, तेव्हा २०१२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. पद्धतीत खोट होती असे मला वाटत नाही. मुंबईतील बहुतेक बाळंतपणे आधीच दवाखान्यात होत होती, आणि वस्ती अशी की एका वर्षी गटात बसलेली बाई पुढल्या वर्षी दुसरीकडे राहावयास गेलेली. गावातील बैठकीला जे स्थैर्य लाभते ते शहरात आयते मिळत नाही, आणि ग्रामीण नमुन्याची नक्कल करून ते निर्माणही होत नाही. विरारविषयी बोलताना हा निष्कर्ष सदैव डोळ्यांपुढे असावा.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली आले. त्यानुसार ५० ते १०० कुटुंबांमागे एक महिला आरोग्य समिती आणि १,००० ते २,५०० लोकसंख्येमागे एक आशा असावयाची; समितीस वर्षाकाठी ५ हजार रुपये द्यावयाचे. कागदावरची ही आखणी चांगली आहे. पण मनवेलपाड्याच्या चाळीतील एखाद्या बाईचा दिवस पाहा. पहाटे साडेचारला नळाला किंवा टँकरला पाणी, पावणेसहाची गाडी, अंधेरीत किंवा दादरला दोन-तीन घरची धुणीभांडी अथवा कारखान्यातील पाळी, आणि परतताना विरारच्या त्याच गर्दीत उभ्याने प्रवास. आरोग्यकेंद्राची सकाळची बाह्यरुग्ण वेळ तिच्या वाट्याला येत नाही, आणि समितीची दुपारची बैठक तर नाहीच नाही. बैठकीला येतात त्या घरी असणाऱ्या स्त्रिया, म्हणजे तुलनेने बऱ्या स्थितीतील. ज्यांच्यासाठी समिती, त्याच तिच्या बाहेर राहतात. १ मे २०२३ पासून राज्यात सुरू झालेल्या ‘आपला दवाखान्या’ची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा अशी ठेवण्यात आली, हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल होय, तेच तत्त्व समितीच्या बैठकांना लावून त्या रविवारी घेणे मुळीच अशक्य नाही.

अशा समितीने जाब विचारावयाचा तो कोणाला, हाही येथे प्रश्न होता. वसई-विरार महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या मध्यास संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूक न होता कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. कोविड महासाथीचा बहुतेक काळ या शहराने नगरसेवकांवाचून काढला. ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य नगरपालिकांच्या विषयसूचीत घातले आणि प्रभाग समित्यांची तरतूद केली, ती लोकांचा आवाज जवळ यावा म्हणून. परंतु भागीदारीतील एक भागीदारच वर्षानुवर्षे अनुपस्थित असेल, तर वस्तीतील समितीने आपली दरखास्त कोणाच्या टेबलावर ठेवावी? प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी तो लोकांना उत्तरदायी नसतो, शासनाला असतो.

आशांची स्थितीही समाधानकारक नाही. त्या या सर्व भागीदारीचा कणा आहेत, आणि तरी त्यांना कर्मचारी म्हणावयास शासन तयार नाही. मोबदला कामागणिक, त्यात सर्वेक्षणे, ऑनलाइन नोंदी, कार्डांची वाटप मोहीम यांची भर पडत जाते. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या आणि त्यानंतर मानधनात वाढ झाली. या संपाकडे केवळ वेतनाचा तंटा म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. जी स्त्री वस्तीची प्रतिनिधी म्हणून निवडली, तिलाच सर्वात स्वस्त नोकर करून ठेवायचे आणि वर लोकसहभागाचे श्रेय घ्यायचे, या व्यवहाराविरुद्ध ती तक्रार होती.

आता भट्ट्यांकडे वळू, कारण या परिसराच्या आरोग्यप्रश्नाचा गाभा तेथे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, घरातील धान्य संपत आलेले असताना, मालक किंवा त्याचा मुकादम जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उचल देतो. दिवाळीनंतर ते कुटुंब भट्टीवर येते, कच्च्या विटांची आणि पेंढ्याची झोपडी, जिला तेथे भोंगा म्हणतात, ती उभारते, आणि आठवड्याच्या खर्चीवर, मूळ उचल फेडीत, पुढल्या पावसापर्यंत राहते. बाई गरोदर असेल तर तिची नोंद मोखाड्याच्या अंगणवाडीत असते. तिच्या नावचा अमृत आहाराचा ताटभर भात-डाळ-अंडे, जो २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना मिळू लागला, तो गावीच राहतो. तिचे माता-बालसंरक्षण कार्ड घराच्या कुडात खोचलेले राहते. इकडे खानिवड्याच्या आशेच्या वहीत तिचे नाव नसते, कारण ती ‘बाहेरची’. गावी मूल कमी वजनाचे म्हणून ज्याच्यावर लक्ष ठेवले जात होते, ते कार्तिकात येथे येते आणि कोणाच्याच यादीत न राहता ज्येष्ठात परत जाते. या सात-आठ महिन्यांत ते अधिक खंगले, तर दोन्ही तालुक्यांचे अहवाल निर्दोषच असतात.

या समाजाला माणूस म्हणून मोजले जाण्यासाठीही लढा द्यावा लागला आहे. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ साली विधायक संसद आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभारली, तीही याच वसई तालुक्यात; दहिसर गावच्या वेठबिगारांच्या मुक्तीपासून हे काम सुरू झाले आणि पुढे उसगाव हे त्याचे केंद्र बनले. भट्ट्यांवरील मुलांसाठी त्यांनी चालविलेल्या भोंगाशाळा म्हणजे कोसबाडच्या अंगणवाडीचीच पुढची पायरी होय: मूल जेथे आहे तेथे शाळा. ज्या माणसाला कर्जापोटी मालक बांधून ठेवू शकतो, त्याला आरोग्याचा हक्क सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून आधी मुक्ती, मग मजुरी, मग शाळा, मग दवाखाना, असा क्रम येथे अनुभवाने ठरला. बाएफसारख्या संस्थेने जव्हार भागात आंबा-काजूच्या वाड्या लावून देण्याचे जे काम केले, तेही या दृष्टीने आरोग्याचेच काम मानावे लागेल, कारण ज्याच्या शेतात चार पैशांचे पीक आले, त्याला उचल घेण्याची गरज कमी पडते.

पश्चिमेच्या गावांची परंपरा निराळी. बंगली येथील कार्डिनल ग्रेशस स्मारक रुग्णालयासारख्या धर्मादाय संस्था, पतपेढ्या, वाचनालये, चर्च आणि देवस्थाने यांच्याभोवती तेथे लोकसंघटनेचे जाळे जुने आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची जी चळवळ झाली, तिने विहिरींतून टँकरने होणारा बेसुमार उपसा आणि बिल्डरांचे अतिक्रमण यांविरुद्ध आवाज उठविला; गोड्या पाण्याचा हा प्रश्न अर्थातच आरोग्याचा होता. पण त्याच पश्चिमेला अर्नाळा किल्ल्याचे बेटही आहे. तेथील कोळी कुटुंबांना आजारी माणूस किनाऱ्यावर आणावयाचा तर होडीत घालून, भरतीची वेळ पाहून आणावा लागतो. अडलेल्या बाळंतिणीसाठी ओहोटी थांबत नाही. सुस्थितीतील पट्ट्यातही असे कोपरे असतात, आणि सरासरीच्या आकड्यात ते बुडून जातात.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर सूर्या प्रकल्पाचा उल्लेख अपरिहार्य होतो. धामणी आणि कवडास येथील हे पाणी मुळात डहाणू-पालघर भागातील, मुख्यतः आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी योजिलेले. पुढे ते वाढत्या शहरांकडे वळविण्यात आले. नव्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत दररोज १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला मिळावयाचे. विरारच्या चाळीतील बाईला नळ मिळाला, तर तिच्या मुलाचे जुलाब कमी होतील, यात शंका नाही, आणि तिची तहान काही खोटी नाही. परंतु ज्या शेतकऱ्याच्या रब्बीचे पाणी त्या नळात आले, त्याचे कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर उतरणार असेल, तर एका वस्तीच्या आरोग्याची किंमत दुसरी वस्ती देत आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे. सूर्याच्या पाण्यासाठी तिकडे आंदोलने झाली, ती या हिशेबाचीच मागणी होती. पाण्याच्या वाटपाचा निर्णय होताना दोन्ही वस्त्यांचे प्रतिनिधी एका मेजाभोवती बसले असते, तर तो निराळा झाला असता की नाही, हे सांगता येत नाही. पण त्यांना बसविण्यात आले नाही, हे खरे.

बाहेरच्या जगात शहरी वस्त्यांच्या भागीदारीचे दोन दाखले येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. कराचीच्या ओरंगी वसाहतीत अख्तर हमीद खान यांनी १९८० साली जो प्रकल्प सुरू केला, त्यात गल्लीतील गटारे गल्लीने आपल्या पैशाने आणि देखरेखीने बांधावयाची, आणि मुख्य नाला व शुद्धीकरण सरकारने करावयाचे, अशी कामाची आणि खर्चाची सरळ वाटणी होती. लोकांवर टाकलेला भार त्यांना पेलेल इतकाच होता, आणि सरकारचा भार सरकारवरच ठेवला होता. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत आरोग्य हा हक्क मानला आणि १९९० च्या कायद्याने नगरापासून राष्ट्रापर्यंत आरोग्य परिषदा बांधल्या, ज्यांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या नागरिकांच्या असतात. आपल्या रुग्ण कल्याण समित्यांत अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांचाच भरणा असतो. रुग्ण नावापुरता असतो. त्या रचनेत फरक करावयास घटनादुरुस्ती लागत नाही, शासननिर्णय पुरतो.

विरारच्या बाबतीत तातडीने करण्याजोगे काय, याचे उत्तर या आढाव्यातूनच निघते. पाड्यावरून कुटुंब निघाले की तेथील अंगणवाडी सेविकेने व आशेने त्याची यादी वसई तालुक्याकडे धाडावी, भट्टीवर ते पोहोचताच येथील आशेने ती जुळवून घ्यावी, आणि त्या कामाचा मोबदला दोघींना मिळावा. स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था राज्याच्या महिला व बालविकास विभागाने अलीकडे उभी केली आहे, तेव्हा साधन नाही ही सबब उरलेली नाही. पण संगणकातील यादी अधिकाऱ्याला दिसते, भट्टीवरच्या बाईला दिसत नाही. म्हणून दर मोठ्या भट्टीमागे तेथल्याच दोन-तीन स्त्रियांची हंगामी समिती असावी. नागरी समितीस मिळतो तसा तिलाही निर्बंधमुक्त निधी मिळावा, आणि तो मालकाच्या नव्हे, त्यांच्या सहीने खर्च व्हावा. तिची बैठक सुट्टीच्या दिवशी, बाजाराच्या वेळेनंतर, भोंग्यापुढेच भरावी आणि यादी तेथे मोठ्याने वाचली जावी: कोणाचे मूल वजनात घसरले, कोणाची तारीख जवळ आली, कोणाला महिनाभर खोकला आहे. वसईच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याने आणि महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने हंगामात निदान दोनदा जनसुनवाईस तेथे हजर राहावे, आणि मोखाडा व जव्हारच्या अधिकाऱ्यांनाही त्याच दिवशी बोलवावे, म्हणजे ते मूल कोणाच्या हद्दीतले, हा वाद आईच्या समोरच मिटवावा लागेल. अशी पहिली सुनवाई कार्तिकात, कुटुंबे उतरल्यावर पंधरा दिवसांच्या आत झाली पाहिजे; फाल्गुनात ती घेऊन उपयोग नाही, कारण तोवर वजनाच्या काट्यावरचे नुकसान होऊन गेलेले असते.